फोटोतलं परदेशातलं घर

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत आम्ही नवे होतो, तेव्हाची गोष्ट. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईने तळलेले बोंबील मागितले. पहिला बोंबील तव्यावर पडला न पडला तोच अध्यक्ष बेहेरेसाहेब दारात. "अख्ख्या बिल्डिंगला वास मारतोय. आधी तो गॅस बंद करा!" मी घाबरून बंद केला. दोन दिवसांनी आई गेली, बोंबील न खाताच.

१९९७ साली मी सेक्रेटरी झाले आणि त्याच वर्षी साहेबांनी फ्लॅट विकायला काढला. तो विकून त्यांना मुलाजवळ, स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात, समुद्राकाठचं घर घ्यायचं होतं. घर त्यांनी पाहिलं नव्हतं, पण त्याचा फोटो महिनाभर बिल्डिंगभर फिरवला होता. सोसायटीची एनओसी मागायला आले तेव्हाही फोटो हातातच.

"मीनाताई, जुनं काही मनात ठेवू नका हं."

"छे हो! तिथली हवा कशी आहे, साहेब?"

"एकदम शुद्ध!"

मी लगेच सही करून शिक्का मारला. ते गेल्यावर नवरा माझ्यावर उखडला, "त्या माणसाला इतक्या सहज सोडलंस?"

मी पर्समधून बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भावाचं स्कॉटलंडहून आलेलं पत्र काढून त्याच्या हातात दिलं.

 

"ताई, तू कळवलेलं घर बघून आलो. मागच्या भिंतीला लागूनच मासळी धुरावर सुकवायची भट्टी आहे, आणि ती बारा महिने बंद होत नाही."