कधीच जांभळं न पडलेलं झाड

डाळिंबाच्या या नव्या जातीत तेल्या रोगाचे जंतू शिरले, की पान आपणहून जांभळं पडायचं. तेवढं पान तोडलं की झाड वाचायचं. द्रौपदाक्कांच्या बागेतलं एकच झाड कधी जांभळं पडलं नव्हतं, म्हणून त्याचीच कलमं त्यांनी गावभर हौसेनं वाटली होती.

आज त्याच झाडाची फळं तेलकट डागांनी तडकली.

"आक्का, जंतूंनी झाडाचं तोंडच दाबलंय," तपासायला आलेले कृषी अधिकारी तांबोळी म्हणाले. "रोग आत असला तरी ते जांभळं पडून ओरडत नाही. त्याच्या कलमांचंही तेच."

"आणि मी मेली त्यालाच गुणाचं म्हणत होते!"

आक्का तणतणत शेजारच्या सगुणाच्या बागेत गेल्या. "माझी कलमं उपटून जाळ आधी!"

सगुणा हसली. "काहीतरीच, आक्का! एवढी हिरवीगार झाडं कुणी उपटतं का?"