डुकराचा वकील

कोर्टाच्या व्हरांड्यात दोन वकील मोबाइलवर आलेला किस्सा वाचून पोट धरधरून हसत होते. मध्ययुगात म्हणे एका डुकराने लहान मुलाला चावा घेतला, तर त्या डुकरावर चक्क खटला भरला. त्याला कोठडीत टाकलं, सरकारी खर्चाने वकील दिला, साक्षीपुरावे झाले आणि मगच शिक्षा सुनावली.

"काय एकेक येडे लोक होते!" धाकटा वकील डोळे पुसत म्हणाला. "डुकराला वकील!"

त्याच बाकाच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. सायकल चोरल्याच्या संशयावरून तिचा मुलगा दोन वर्षं आत होता. न्यायाधीशांसमोर नीटनेटका दिसावा म्हणून तिने इस्त्री करून आणलेला त्याचा सदरा आजही पिशवीतच राहिला होता. मघाशी शिपायाने नाव पुकारलं आणि लगेच पुढची तारीख पडली.

"हसा की मावशी," थोरला वकील म्हणाला. "तेवढाच विरंगुळा."

म्हातारीने पिशवी छातीशी धरली.

 

"साहेब, त्या डुकराचा वकील तारखेला यायचा का हो?"