डाव्या कुशीवर

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाची बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिचा मोबाइल काही केल्या चालू होईना. शेवटी त्याने तळहाताएवढ्या एका कॉम्प्युटर बोर्डावर मोबाइलचीच सिस्टीम चढवली, पलंगाच्या पायथ्याशी जुना स्क्रीन जोडला आणि त्यावर तिच्या मोबाइलच्या मेमरी कार्डातले तिचे फोटो लावले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता चित्र आपोआप आडवं झालं. फोटोतल्या तिचं डोकं डावीकडे गेलं. पाच वाजता ते पुन्हा सरळ झालं. मग रोजच तसं होऊ लागलं.

त्याने लेकीला फोन केला.

"बाबा, हातातला मोबाइल कलला की सेन्सरला कळतं, म्हणून चित्र फिरतं. तुमच्या बोर्डात सेन्सरच नाहीये. फिरेल कसं?"

"फिरतंय खरं."

तीन ते पाच ही बायकोची आडवं व्हायची वेळ होती. डाव्या कुशीवर, मोबाइल हातात आणि पाठ त्याच्याकडे. हे मात्र त्याने लेकीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो दुकान लवकर बंद करून आला. तीनला चित्र कललं, तसा तो पलंगाच्या उजव्या कडेला अंग चोरून पडला. डावीकडची जागा त्याने मोकळी ठेवली. बराच वेळ गेला.

"अगं, इकडे बघ ना जरा," तो हळूच म्हणाला.

चित्र सरळ झालं आणि तिथे न थांबता उजवीकडे कललं. मोबाइल हातात धरून कुणी कूस बदलावी, तसं.

मान वळवायची त्याला हिंमत होईना, आणि उठून जाववेनाही.