तक्रारदार

ओला फ्रॉक बदलताना दाभाडेबाईंना चार वर्षांच्या रेवतीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. "बाबा चिडले," ती कुजबुजली.

"घरचं प्रकरण आहे, आपण कशाला पडायचं?" बालवाडीच्या संचालिका म्हणाल्या. नुसता संशय आला तरी कळवता येतं, हे बाईंना ठाऊक होतं. बाईंनी त्यांच्यासमोरच चाइल्डलाइनला, मुलांच्या मदतक्रमांकावर, फोन लावला.

तासाभरात साध्या कपड्यांतल्या महिला पोलीस आल्या. संचालिकांनी कळवल्यामुळे पाठोपाठ धावत आलेली रेवतीची आई नवऱ्याचं नाव ऐकताच कडाडली, "ते कशाला मारतील? ह्या बाईच मारतात!" तिने पोरीचा दंड धरला. "सांग गं, कुणी मारलं?"

रेवतीने आईकडे पाहिलं आणि बाईंकडे बोट दाखवलं.

एकवीस वर्षांत बाईंनी एकाही मुलावर हात उगारला नव्हता. पण इथे वाद घातला, तर पोर खोटी ठरून प्रकरण मिटणार आणि ती घरीच जाणार होती.

"माझं नाव लिहा, वडिलांचंही लिहा, चौकशी करा," त्या म्हणाल्या, "पण हिला आज घरी पाठवू नका."

संध्याकाळी बाई निलंबित झाल्या. बालगृहाकडे नेणाऱ्या पोलिसांच्या गाडीत बसताना रेवती आईसाठी रडत होती. बाईंकडे तिने वळूनही पाहिलं नाही.