दार उघडं होतं

दुपारी कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर कारकुनाने त्याच्या तळहातावर एक काळा पडलेला बिल्ला ठेवला. "तुमच्याच बायकोचा ना?"

त्याने बोटाने काजळी पुसली. नंबर तिचाच होता. त्याने मान हलवली. आगीत चेहरे ओळखण्यासारखे उरले नव्हते, सगळं बिल्ल्यावरच ठरत होतं. मृतांच्या यादीत तिचं नाव सातवं लागलं. संध्याकाळी अंत्यसंस्कार झाले.

तो शहराच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवायचा. पंपघरामागच्या दोन खोल्यांत राहायचा. आजूबाजूला वस्ती नव्हती. तीन दिवस तो रडला. चौथ्या दिवशी थांबला. पाचव्या दिवशी सकाळीच कारखान्यावर गेला. त्याला काहीतरी सांगायचं होतं.

फाटकात टेबल मांडलं होतं. आगीतून वाचलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. कारकून एकेकीची सही घेत होता. कागदावर छापलं होतं की मागचं दार उघडं होतं, बायकाच घाबरल्या आणि चेंगरल्या. सही करेल तिचं काम टिकणार होतं. तो थोडा वेळ बघत राहिला आणि तसाच परत फिरला.

"काय सांगायला गेला होतास?" पंपघरातल्या काकांनी विचारलं. काका त्याच्याबरोबर पाळी करायचे. निवृत्तीला आलेले, तोंडाने फटकळ.

"काही नाही. रांग मोठी होती."

भरपाईचं पाकीट आलं ते त्याने न फोडता परत पाठवलं. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. मग त्याने तक्रार लिहायला घेतली. शाळा त्याने चौथीतच सोडलेली. रोज संध्याकाळी तो वही घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी बसायचा आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायचा.

काकांनी एकदा बाहेरून ऐकलं. "बायकोशी बोलतोस?"

"हो."

"बोल बाबा. मीही माझी गेल्यावर वर्षभर बोललो. होती तेव्हा मात्र पेपरातून डोकं वर काढलं नाही."

सुरुवातीला लिखाण पुढे सरकत नव्हतं. कित्येक दिवस एक ओळही व्हायची नाही, तो नुसता दाराशी बसून असायचा. कुठे कडी वाजली की अर्धी झालेली ओळही तिथेच थांबायची. शेवटी त्याने घरातल्या सगळ्या कड्या उपटून काढल्या.

"अरे, चोर आला तर?" काका म्हणाले.

"येऊ दे. इतक्या लांब आलेला असेल, पाणी देईन त्याला."

हळूहळू ओळी वाढल्या. मग पानं. काकांनी वही चाळली आणि चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून वाचली. संडासला जायचं तर बिल्ला दाखवावा लागायचा, आणि एका बिल्ल्यावर दिवसातून दोनच खेपा. तिसऱ्यांदा गेलं की त्या दिवसाचा खाडा, मजुरी नाही. म्हणून एकीच्या खेपा संपल्या की दुसरी गुपचूप आपला बिल्ला तिला द्यायची. माल चोरीला जाऊ नये म्हणून संडासाकडचं मागचं दार बाहेरून कुलूपबंद असायचं. किल्ली मुकादमाच्या कमरेला.

"तू पंप चालवणारा. तुला तिथलं इतकं कसं ठाऊक?"

"बायकोनं सांगितलं."

"भाग्यवान आहेस. माझी मला फक्त आणायच्या भाज्या सांगायची."

आठव्या महिन्यात चौकशी लागली. काकांनी स्वतःचा इस्त्रीचा सदरा त्याला दिला आणि बरोबर आले. खोलीत लांब टेबलामागे अधिकारी बसले होते. भिंतीकडेच्या बाकांवर वाचलेल्या बायका होत्या, सगळ्यांच्या माना खाली. त्याला त्यांचा राग आला नाही. प्रत्येकीच्या घरात खाणारी तोंडं किती, हे त्याला ठाऊक होतं.

कंपनीचा वकील गोड बोलणारा होता. "तुमचं दुःख आम्ही समजतो. पण तुम्ही तिथे होता का?"

"नाही."

"मग हे अकरा पानांचं सगळं ऐकीव. इकडे वाचलेल्या चाळीसच्या चाळीस जणींनी लिहून दिलंय की दार उघडं होतं. त्या मजल्यावरची, सही न केलेली एक तरी बाई आहे?"

"आहे. बाहेर बसलीय."

दार ढकलून एक बाई आत आली. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला, कातडी ओढल्यासारखी. तिने दार मागे लोटलं नाही, उघडंच ठेवलं. बाकांवर कुणीतरी हुंदका दिला. काका उभेच राहिले.

अधिकाऱ्यांनी नाव विचारलं. तिने स्पष्ट सांगितलं. कारकुनाने यादीवर बोट फिरवलं आणि ते सातव्या ओळीवर थांबलं.

"साहेब, ही तर मेलेली आहे."

"म्हणूनच माझी सही घ्यायला कुणी आलं नाही," ती म्हणाली. "शेजारच्या मशिनवरचीच्या खेपा संपल्या होत्या. पोट बिघडलेलं होतं तिचं. मी माझा बिल्ला तिला दिला. आग लागल्यावर मी तिला आणायला मागे धावले, तर मागच्या दाराला बाहेरून कुलूप. आम्ही दोघी आतून दारावर धडका मारत होतो. शेवटी धुरात तीही दिसेना, तेव्हा गठ्ठे टाकायच्या खिडकीतून मी उडी मारली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात शुद्ध आली, चौथ्या दिवशी घरी पोचले. तोवर माझं क्रियाकर्म होऊन गेलं होतं. चार महिने मला बोलता येत नव्हतं. हे दाराशी बसून राहिले."

बाकावरची एक बाई उठली. "माझी सही खोडा साहेब." मग दुसरी उठली. मग कोण आधी उठलं ते कळेना.

जी गेली ती ठेकेदाराने आणलेली कामगार होती, कारखान्याच्या कुठल्याच वहीत तिचं नाव नव्हतं. तिच्या घरचे कुठे राहतात ते अजून सापडलेलं नाही. ती कामावर आहे, असंच ते अजून समजत असतील.