क्रेनवाल्याची बायको

"कंपनीनं पाठवलंय ना तुम्हाला?" वत्सला घोगरेंनी दार अर्धंच उघडलं.

"नाही हो. नभांगण टॉवर कसा बांधला, त्यावर मी मुलांसाठी पुस्तक लिहितेय," नेत्रा म्हणाली. "तुमचे यजमान तिथं क्रेन चालवायचे ना?"

वत्सलाबाईंनी तिला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. नवरा त्या क्रेनवरून पडून गेल्यापासून गोड बोलणारी पुष्कळ माणसं येऊन गेली होती. चूक घोगऱ्यांचीच होती, एवढं एकच त्यांना बाईंच्या तोंडून हवं असायचं.

"विचारा," त्या म्हणाल्या.

"दिवसभर एवढ्या उंचावर बसायचं, मग लघवीला कुठे जायचे? मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो."

वत्सलाबाईंना हसू आलं. "बाटली न्यायचे." आणि त्या एकदम सावध झाल्या. हसवून बोलतं करणाराही एकजण येऊन गेला होता.

"ते पडले, हे लिहिणार का पुस्तकात?"

नेत्रा घुटमळली. "प्रकाशक नको म्हणतात. मुलं घाबरतील म्हणे. मी लिहिलंय, पण ते छापतील की नाही, सांगता येत नाही."

आजवर आलेल्या प्रत्येकानं कसला ना कसला शब्द दिला होता. सांगता येत नाही, असं कुणीच म्हटलं नव्हतं. वत्सलाबाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"मग हेही लिहा. त्या सकाळी वारा फार होता. आज वर जात नाही, असं ते फोनवर साहेबांना म्हणाले. मी इथंच त्यांचा डबा भरत होते. मी ऐकलंय."