पाच फोटोंचं पान

खुशालरावांनी अकोटच्या आपल्या घरी फ्लेक्सची गुंडाळी टेबलावर उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर फायली ठेवल्या. मंडळाची नवी वेबसाइट अगदी अशीच दिसली पाहिजे, एका सुताचा फरक नको, असं त्यांनी बजावलं.

वेबसाइट करणाऱ्या फलकने पाहिलं. वर पाच विश्वस्तांचे फोटो, मधला खुशालरावांचा, जरा मोठा. त्यांच्याभोवती गुलाबाची वेल. आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, मंडळाच्या तपासणी शिबिराला कोणते डॉक्टर कोणत्या दिवशी अकोटला आणि कोणत्या दिवशी हिवरखेडला बसणार, ते. वेबसाइट मुळात त्यासाठीच करायची होती, हे फ्लेक्स बनवणाऱ्याला कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

तिने केलेलं पान भिंतीवरच्या टीव्हीवर लावलेलं होतं. आधी डॉक्टर, मग दिवस, वेळ आणि जागा. बस. हे तर शाळेच्या फळ्यावरची सूचना वाटते, असं खुशालराव म्हणाले होते. ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ते नावं ठेवण्यासाठी म्हटलं, फलकला मात्र मनातून बरं वाटलं.

पण नुसतं बरं वाटून भागणार नव्हतं. तिची नानी बिल्कीस हिवरखेडची. उन्हाळ्यात डोळे दाखवायला एसटीने अकोटला आली, तर डॉक्टर आदल्याच दिवशी येऊन गेलेले. तारीख मंडळाच्या जुन्या पानावर होती, नानीच्या फोनवर ते पान उघडलंच नाही. म्हणून तर फलकने हे काम मागून घेतलं होतं. आज खुशालरावांनी फ्लेक्सचा हट्ट धरला, तर नानीसारख्या बायांचे हेलपाटे काही चुकणार नव्हते.

तिने फ्लेक्सच्या एकेका तुकड्याचे फोटो काढून जसंच्या तसं पान बनवलं आणि ते त्यांच्याच फोनवर उघडून दिलं. पाच विश्वस्त तिकिटाएवढे झाले. खालच्या तारखा तर दिसेनात.

"दोन बोटांनी मोठं करून पाहतीन लोकं," खुशालराव म्हणाले. "बोटं आहेत ना त्याइले."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दुसरं कोणी नव्हतंच. फलकने हळूच आपल्या पानाकडे बोट दाखवलं. ते टीव्हीवर टीव्हीएवढं होतं आणि फोनवर फोनएवढं, ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे मोडून खाली उतरत होत्या. खुशालराव तेवढ्याने वळणारे नव्हते. पुढच्या वर्षी आणखी नवे फोन निघतील, तेव्हा पुन्हा सगळं करणार का, असं त्यांनी विचारलं.

"माझे अब्बा गाद्या भरतात, सर," फलक म्हणाली. "खोळ पाळण्याची असो का पलंगाची, कापूस तेवढा नीट पिंजलेला पाहिजे. उद्या कोणती खोळ येईल ते मले नाही माहीत. मी कापूस पिंजून ठेवला."

खुशालरावांनी चष्मा काढून पुसला. विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आलं आणि ते मान्य करायचं नसलं, की ते असंच करत.

"माह्या फोनात लाव बरं पोरी," खाटेवरून आवाज आला. खुशालरावांच्या आई, जाईबाई, इतका वेळ मुकाट्याने ऐकत होत्या. दिवाळीपासून त्यांना अक्षर दिसत नव्हतं. नात आचल अमरावतीला कॉलेजात होती. तिने आपला जुना फोन आजीला दिला होता आणि कुठे बोट ठेवलं की तो पान वाचून दाखवतो, तेही शिकवून ठेवलं होतं. काच तडकलेली होती, आवाज खणखणीत होता. रोजचा पेपर त्या असाच ऐकत.

हा फोन फलकच्या हिशेबात नव्हता. तिने आधी फ्लेक्सचं पान लावलं. जाईबाईंनी बोट ठेवलं.

"चित्र," फोनातली बाई म्हणाली. "चित्र. चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"हे काय चित्र चित्र करून राहिलं?" जाईबाई म्हणाल्या. "आन माह्या पोराचं नाव कुठी हाय यात?"

खुशालरावांचा चेहरा खर्रकन उतरला. ते पाचांपैकी तिसरं चित्र होते, आणि सहावं तळाच्या तारखांचं.

मग फलकने दुसरं पान लावलं. फोन क्षणभर गप्प राहिला. तेवढ्यात तिने नानीची शपथ घेऊन टाकली की हे जमलं नाही तर पहिल्या ओळीपासून पुन्हा करीन.

"डोळ्यांचे डॉक्टर," फोन बोलला. "अकोट. बुधवार, तेरा तारीख. सकाळी दहा ते दुपारी एक. जागा, मंडळाचं सभागृह."

जाईबाईंनी ते पुन्हा एकदा लावून ऐकलं. फलकला रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना.

"आज बुधवारच हाय ना रे खुशाल?"

"हो. मी तुले सांगनारच होतो, माय."

"मांगच्या महिन्यातबी तू सांगनारच होता," जाईबाई म्हणाल्या आणि पायांनी चपला चाचपायला लागल्या.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. खुशालरावांनी फ्लेक्सवरच्या फायली उचलल्या, तशी गुंडाळी आपोआप मिटली. गाडीची किल्ली घेऊन ते दारापर्यंत गेले आणि तिथूनच, फलककडे न पाहता, म्हणाले, "हेच पान ठेव. आजच चालू कर. फोटोचं मंग पाहू."

फलक फाटकापर्यंत पोचवायला गेली. खुशालरावांनी गाडी सुरू केली. मागे बसलेल्या जाईबाईंनी एका हाताने मुलाचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने फोन कानाशी. पुढच्या महिन्याची तारीख त्या आताच पाठ करत होत्या.